नऊशे चाळीस मैल

"सत्तावीसचं ॲव्हरेज? वेडी आहेस का तू?" यतीनने कागद ओढून घेतला. "भर जुलैत टेक्सासला जायचं म्हणजे एसी अखंड चालू राहणार. बावीस धर, बावीस!"

रेणूने निमूटपणे सत्तावीस खोडून बावीस लिहिले. कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. "म्हणजे पस्तीसच्या जागी त्रेचाळीस गॅलन. एकशे बहात्तर डॉलर. ठीक आहे."

ठीक आहे म्हणे! यतीन मनातल्या मनात चरफडला. परवडत नाही म्हणावं, तर ही बाई परवडवून दाखवते.

उत्तरेकडच्या ईडन प्रेरी गावातल्या त्या छोट्याशा अपार्टमेंटमध्ये शनिवारी सकाळपासून हे चाललं होतं. डायनिंग टेबलावर इंटरनेटवरून छापलेले नकाशे पसरले होते. रेणूची मावसबहीण सुनेत्रा डॅलसजवळ फ्रिस्कोला राहायची. तिच्याकडे गाडीने जायचं, आणि तेही येत्या मंगळवारी, हे खूळ रेणूच्या डोक्यात चार दिवसांपूर्वी शिरलं. दोन हजार आठ साल, पेट्रोल गॅलनला चार डॉलर. लोक दुकानात जायचं तर दोनदा विचार करत होते. आणि वर्षभर यलोस्टोनच्या सहलीचा जप करणारी ही बाई एकदम सुनेत्राकडे कशी वळली, देव जाणे.

यतीनला जायचं नव्हतं, आणि का ते सांगायची सोय नव्हती. सोळा दिवसांपूर्वी त्याची नोकरी गेली होती.

तरी रोज आठ वाजता तो डबा घेऊन निघायचा. लायब्ररीत बसायचा, अर्ज पाठवायचा, दुपारी गाडीतच डबा खायचा आणि सहाला दमलेला चेहरा करून घरी यायचा. चेहरा करावा लागत नव्हता म्हणा. दोघांचाही व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. दुसरी लवकर मिळाली नाही, तर सहा वर्षांचा संसार दोन-चार बॅगांत कोंबून नागपूर गाठायचं. आणि हे रेणूला सांगायचं कुठल्या तोंडाने? ऑफिसात कपात सुरू झाली तेव्हा हाच पठ्ठ्या छाती फुगवून म्हणाला होता, "मला कोण काढतंय!" आता रात्री झोप नव्हती आणि दिवसा भूक नव्हती. एकेक डॉलर जपायचा होता, आणि इथे ही नकाशावर लाल पेनाने रेघा ओढत बसली होती.

"मोटेलचं काय?" त्याने नवी खिंड लढवायला घेतली. "सत्तर डॉलरच्या खाली धड खोली मिळत नाही."

"मोटेल कशाला? वाटेत विचिटाला शैलाची नणंद आहे. शैलाने फोनही केलाय तिला. पिठलं-भात करून ठेवते म्हणाली."

शैलाचं नाव ऐकून यतीन सावध झाला. शैलाचा नवरा प्रसन्न त्याच्याच टीममध्ये होता. त्या दिवशी खोका घेऊन पार्किंगपर्यंत सोडायला तोच आला होता. कुणाला बोलणार नाही, असं त्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं. यतीनने चोरून रेणूकडे पाहिलं. ती शांतपणे पेनाचं टोपण चावत होती. नाही, हिला काही माहीत नसावं. माहीत असतं तर हिने घर डोक्यावर घेतलं असतं.

"आणि जेवणाचा खर्च शून्य," ती म्हणाली. "दशम्या करते. बटाट्याची सुकी भाजी. चहाचा थर्मास."

"अगं, पण सुट्टी? नव्या सॉफ्टवेअरची रिलीज आहे आमची. बॉस उभा चिरेल मला."

"विचारून तर बघ."

"बघतो विचारून," यतीन म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. असं किती दिवस खोटं बोलत राहायचं? कुणीतरी आपला कान धरावा आणि हे सोंग एकदाचं संपवावं, असं क्षणभर वाटून गेलं. पण कान धरणार कोण? तो पुन्हा कागदात डोकं खुपसून बसला.

आणि त्याला चूक सापडली. अहाहा! कागदावर सगळं होतं. टोल होता, ऑइल चेंज होता, विचिटाच्या बाईसाठी न्यायची मिठाईसुद्धा होती. पेट्रोल मात्र नऊशे चाळीस मैलांचंच होतं.

"रेणू, अगं रेणू!" सोळा दिवसांत तो पहिल्यांदा मोकळं हसला. "तू एकाच बाजूचं पेट्रोल धरलंयस! यायला नको का? डबल कर सगळं. साडेतीनशेच्या घरात जातं. नाही परवडत बाई, विषय संपला. कॅन्सल."

रेणूने पेन खाली ठेवलं. नकाशे गोळा करून एकावर एक रचले. तिचे डोळे भरून आले होते, आवाज मात्र जराही हलला नाही.

"चूक नाहीये ती. प्रसन्नने शैलाला सांगितलं आणि शैलाने मला, त्यालाही आज बारा दिवस झाले. तू सांगशील म्हणून वाट बघत होते. नाहीच सांगितलंस, तेव्हा सुनेत्राला फोन केला आणि तुझा रेझ्युमे मीच पाठवला. तिच्या नवऱ्याच्या कंपनीत गुरुवारी सकाळी दहाला तुझा इंटरव्ह्यू आहे."

यतीनने तिचा हात घट्ट धरला.

"नोकरी मिळाली तर आपण तिथेच राहू," रेणू म्हणाली. "नाही मिळाली तर तिथूनच नागपूरला जाऊ. मग यायचं पेट्रोल कशाला धरू रे?"