डावी की उजवी

"कोणती जाऊन राहिली, प्रेमिलाताई?" रुपरावनं तिसऱ्यांदा विचारलं.

"थांबा ना गा भाऊजी. मशीनलेच विचारते."

कॉम्प्युटरच्या खोलीत ट्रंकेएवढ्या दोन डिस्क शेजारी शेजारी होत्या. दिसायला अगदी सारख्या. त्यांतली एक आज चार वाजता मुंबईला परत जायची होती. तिथं तिच्यावरचं सगळं पुसून ती दुसऱ्या ऑफिसला देणार होते.

रुपरावची बायको उत्तरा याच खोलीत प्रेमिलासोबत कामाला होती. सुट्टी झाल्यावरही ती रोज अर्धा तास थांबायची आणि मशीनवर स्वतःचं काहीतरी लिहायची. तीन महिन्यांपूर्वी कोराडीच्या तलावावर तिचा पाय घसरला आणि ती बुडाली.

रुपराव खिडकीशी गेला. ट्रक आला नव्हता. तो परत आला.

प्रेमिलानं कमांड दिली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

"मेमरी किती, डिस्क किती, सारं सांगते हे. उत्तराची फाइल दोन नंबरच्या डिस्कवर आहे. पण दोन नंबर म्हणजे डावी का उजवी, ते नाही सांगत. साहेब लोकं नंबर टाकायलेच विसरले."

"मंग?"

"मंग काय, मशीनले तिची फाइल वाचायले लावते. जिचा दिवा लुकलुकला, ती उत्तराची."

"पडद्यावर नका आणू," रुपराव घाईनं म्हणाला. "उद्या तिचा भाऊ येऊन राहिला. दोघं सोबतच वाचू."

प्रेमिलाचे डोळे भरून आले. "नाही आणत."

डाव्या डिस्कचा दिवा लुकलुकला.

"पक्कं?"

"पक्कं."

"अजून एकदा पाहा."

तिनं पुन्हा पाहिलं. डावीच.

"आज तरी झोपा भाऊजी. तोंड पाहा कसं झालं तुमचं. तिचं लिहिलेलं कुठी नाही जात आता."

तिनं मशीन बंद केलं. एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत 'मुंबई' लिहून मागं डिंक लावला. तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

"अगं बाई, गेटपासवर सही राहिली! भाऊजी, एवढी चिठ्ठी उजवीवर लावून द्या." ती धावतच जिना उतरली.

रुपरावनं चिठ्ठी डाव्या डिस्कवर लावली आणि चारही कोपरे अंगठ्यानं नीट दाबले.