भाड्याचं मार्कर

"बंदूक नाही म्हणायचं. मार्कर," असं म्हणत भावेशने कीर्तीच्या हातातलं मार्कर काढून घेतलं आणि नळी उजेडात धरली. "हे भाड्याचं. आतून ओरखडे बघ किती पडलेत. गोळी सरळ जाणारच नाही."

पनवेलबाहेर एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या त्या पेंटबॉल मैदानावर मार्कर द्यायचं काम बाळूकडे होतं. तो म्हणाला, "शिकणाऱ्याला हेच बरं, साहेब. पडलं, आपटलं तरी काय होत नाय."

भावेशने स्वतःची पेटी उघडली. काळ्या फोममध्ये निळं, चकचकीत मार्कर होतं. दुबईहून मागवलेलं.

"यात सर्किट आहे. ट्रिगरला नुसतं बोट लावायचं, सेकंदाला दहा-बारा गोळ्या. समोरच्या झाडाचं पान सांग, ते उडवतो. तुझ्या मार्करमध्ये गोळ्या वरच्या डब्यातून आपल्या वजनाने नळीत पडतात. अडकल्या की हलवत बसायचं." तो तिच्याकडे बघत राहिला. "तुला भाड्याचंच घेतलंय. राग नाही ना आला?"

"नाही. चालेल," कीर्ती म्हणाली.

तो आणखी क्षणभर थांबला आणि मग गोळ्या भरायला लागला.

दोघांच्या साखरपुड्याला तीन महिने झाले होते, आणि तीन महिने हेच चाललं होतं. लग्नानंतर बँकेतली नोकरी सोडायची, असं त्याने फोनवर सांगितलं. तिने पसंत केलेला शालू दुकानात परत करायला लावला. हॉटेलात तिला न विचारता तिच्यासाठी मागवलं. तिच्या मैत्रिणींसमोर तिच्या इंग्रजीची नक्कल केली. दर वेळी वर विचारायचा, "राग नाही ना आला?" आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. त्या बघण्याची तिला आता भीती वाटायची. ती दर वेळी नाही म्हणायची.

दुसरं काय म्हणणार होती? गावात, विचुंब्यात, पत्रिका वाटून झाल्या होत्या. तिचे वडील काशिराम आणि भावेशचे वडील बुधाजीशेठ यांना सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात, साडेबारा टक्क्यांत मिळालेले प्लॉट करंजाड्यात एकमेकांना लागून होते. लग्न झालं की दोन्ही मिळून सात मजली इमारत उठणार होती. आर्किटेक्टने नकाशासुद्धा आणून दिला होता.

एकदा तिने आईजवळ विषय काढला होता. गुणाबाई भाकरी थापत होती. "आता नाय बोललीस त गावान तोंड दाखवाला नको," ती म्हणाली. "तुझ्या बापाला बुधाजीशेठ दारात तरी उभा करील काय?" आणि तिने भाकरी तव्यावर टाकली.

आज रविवार, म्हणून दोन्ही घरची मंडळी मैदानावर आली होती. चुलत भावंडांचे दोन डाव झाले. सगळे शेडखाली वडापाव खायला बसले, तेव्हा भावेश उठला. "आता फक्त मी आणि कीर्ती."

बुधाजीशेठ हसले. "जा, जा. लग्नाच्या आधी भांडून घ्या." काशिरामही हसला.

शेड मैदानापासून बरीच लांब होती. मध्ये जाळी. तिथून दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही.

दोघांनी तोंडावर काचेचे मास्क चढवले आणि बाळूने शिट्टी मारली. कीर्ती धावत टायरांच्या राशीमागे गेली आणि तिथेच अडकली. दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, मागे जाळी. निळ्या मार्करच्या गोळ्या टायरांच्या कडेवर फुटत होत्या, थांबतच नव्हत्या. तिने अंदाजाने दोन झाडल्या. तिसरी नळीतच फुटली आणि पिवळा रंग तिच्या मनगटावर ओघळला. तिने मार्कर हलवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

तिचा कोपर बाहेर राहिला, तर गोळी कोपराशेजारी फुटली. पाय सरकला, तर पायाजवळच्या धुळीत. पहिल्या मिनिटातच तो तिला बाद करू शकत होता. करत नव्हता. खेळवतोय, तिच्या मनात आलं. मास्कची काच तिच्याच श्वासाने धुरकट झाली होती. असंच बसायचं, आयुष्यभर, आणि वर विचारल्यावर राग नाही म्हणायचं.

तिने मार्कर खाली ठेवलं. दोन्ही हात वर करून उभी राहिली.

गोळ्या थांबल्या. बाळूने डाव संपल्याची शिट्टी दिली. कीर्ती चालत भावेशच्या पुढ्यात गेली.

"हरलीस?" त्याने मास्कमधून विचारलं.

"मला हे लग्न करायचं नाही." आवाज कापला, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "मला तुमच्याशी लग्न करायचं नाही. मी नोकरी सोडणार नाही. बाबांना माझं मी सांगेन."

तो ओरडेल असं तिला वाटलं. तो हललासुद्धा नाही.

"नक्की?"

"नक्की."

"बाबा चिडले, आई रडली, तरी बदलणार नाहीस?"

"नाही."

मास्कच्या काचेआड त्याने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. "सुटलो," तो हळूच म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं तर पप्पांनी घरातून काढलं असतं. तीन महिने काय काय करून बघितलं, कीर्ती. तुला रागच येत नव्हता."

ती काही बोलायच्या आत तो वळला होता. मास्क काढून, खांदे पाडून तो शेडकडे चालत गेला. जाळीपाशी पोचल्यावर त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा झाला, आणि रडवेला.

"पप्पा, माझं काय चुकलं, तिला विचारा. ती नाही म्हणतेय."