पिवळी छत्री

“हाई काढू?” भाग्येशनं विचारलं.

“काढ,” जेठमलशेठ म्हणाले.

शहाद्यातल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात नवा लॅपटॉप येऊन तासही झाला नव्हता, आणि त्यात आधीच बिऱ्हाड थाटून बसलेली मंडळी निघाली. दोन खेळ, एक खरेदीचं दुकान, पहिला महिना फुकट म्हणणाऱ्या कसल्या कसल्या वर्गण्या. बाजूच्या कॉम्प्युटरवाल्या भाग्येशला शेठनी त्यांना हाकलायलाच बोलावलं होतं. पण जातील तर ना! काढायला गेलं की एकेक जण विचारी, नक्की काढायचं? का काढता? पुन्हा एकदा विचार करा.

“लगीनना पाव्हना बी इतला चिवट नही ऱ्हातस,” भाग्येश पुटपुटला.

खरं तर शेठना लॅपटॉपची गरज नव्हती. त्यांची बिलं हातानं झकास चालत. पण कळसाडीचा चुनीलाल पाटील, जुनं गिऱ्हाईक, येता-जाता डिवचायचा. “शेठ, मन्हा भाचा पुरुषोत्तमनगरना कारखानाम्हा शे. त्यानी साखर तुम्ही चहाम्हा टाकतस. तुमना नातू पुनाले बशीसन काय बनाडस? दाखाडा तरी.”

शेठ काय दाखवणार? नमन कॉम्प्युटरचं काहीतरी करतो, एवढंच त्यांना ठाऊक. कंपनीनं त्याला दिलेली पिवळी छत्री त्यांनी दुकानात खिळ्याला टांगली होती. ऐन उन्हात ती उघडून ते पेठेतून मिरवत जात. पण छत्री काही नातवानं बनवलेली नव्हती.

मग दसऱ्याच्या सुमाराला नमनचा फोन आला. “दादाजी, एका कामावरून साहेबांशी चांगलंच वाजलं. पण शेवटी माझंच ठेवलं त्यांनी. आता ते नव्या लॅपटॉपात आपोआप येतं.”

त्याच आठवड्यात शेठनी लॅपटॉप घेतला.

“आते हाई शेवटलं,” भाग्येश म्हणाला. “हाई जरासं शानं दिखस. काहीच इचारत नही. एक लाल बटन तेवढं शे.”

तो ते दाबणार, तोच पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी छत्री उघडली. खिळ्यावरच्या छत्रीवर होतं तेच नाव, तेच चित्र. शेठनी भाग्येशचा हात धरला.

“ऱ्हाऊ दे.”

“काबर? दिनभर डोकं खाई ती.”

“मन्हा नमननं काम शे ते.”

भाग्येशनं हात मागं घेतला. नातवापुढं कोणाचं काय चालतं?

छत्रीनं डोकं खाल्लंच. बिल करायला घेतलं की ती उघडायची. तुमचा लॅपटॉप धोक्यात आहे, पैसे भरा. बंद केली की पुन्हा हजर. दिवाळीच्या गर्दीत गिऱ्हाईकं साड्या घेऊन ताटकळायची आणि लॅपटॉप थकल्या बैलासारखा जागीच बसायचा. शेठना त्याचं काही नव्हतं. ते पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवायचे आणि ताठ बसून सांगायचे, हे माझ्या नातवानं केलंय. इतका अभिमान त्यांना दुकान उघडलं त्या दिवशीही वाटला नव्हता.

चुनीलालनंही छत्री पाहिली. “करस काय ती?”

“धोका सांगस.”

“कसाना धोका?”

“नमनले ईऊ दे. तोच सांगी.”

धनत्रयोदशीला नमन आला, तो थेट दुकानातच. चुनीलाल त्याचीच वाट पाहत गादीवर बसला होता. शेठनी मुद्दाम बिल करायला घेतलं. छत्री आली.

“दाखाड रे बेटा, तुन्हं काम.”

नमन पडद्याकडे बघत राहिला. “दादाजी, हे तुम्ही अजून ठेवलंय?”

“घरनाले कोनी काढस का?”

“ही छत्री माझी नाही, दादाजी. ती कंपनीतल्या दुसऱ्यांनी केली.”

चुनीलाल समोरच्या साडीचा काठ निरखू लागला. शेठचा चेहरा पडला. दसऱ्यापासून अख्ख्या पेठेला आपण काय दाखवत होतो? त्यांना चुनीलालकडे बघवेना.

“मंग तुन्हं काय शे याम्हा?” चुनीलालनंच हळू आवाजात विचारलं.

नमन पुढं सरकला. त्यानं लॅपटॉपवर खटखट काहीतरी केलं आणि भाग्येशनं उघडली होती तीच लाल बटणाची चौकट समोर आली. मग त्यानं आजोबांचा हात धरून माउसवर ठेवला.

“दाबा.”

शेठनी दाबलं. नक्की का, कशाला, पुन्हा विचार करा, कोणी काही विचारलं नाही. छत्री मिटली आणि कोपरा रिकामा झाला.

चुनीलाल वाकून बघत होता. “गयी?”

“गेली,” नमन म्हणाला. “ते लाल बटण माझं.”