खंड सतरा, पान चारशे नऊ

"सतराव्या खंडाला पानंच तीनशे अठ्ठ्याऐंशी," ग्रंथपाल म्हणाले. "चारशे नववं कुठून आणू?"

सूचीकाराने खंड स्वतः उघडून पाहिला. पाने तेवढीच होती.

उच्च न्यायालयाच्या निवाड्यांची संदर्भसूची तो सव्वीस वर्षे सांभाळत होता. प्रत्येक नोंदीत पक्षकार, तारीख, खंड, पान आणि एका ओळीत सार. सूची संगणकावर चढवायची ठरली तेव्हा त्याने टंकलेखिकेला बजावले होते, "पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. आपली अक्कल चालवून काही गाळायचं नाही." तिने एकही ओळ गाळली नाही. पुढे संगणकाने नोंदी विषयवार लावल्या.

आज त्याला एकच निवाडा हवा होता. शिंपी विरुद्ध नगरपालिका. सार: 'आजारपणामुळे झालेला विलंबही क्षम्य नाही.' त्याच्या थोरल्या भावाला सात वर्षांची शिक्षा झाली होती. तुरुंगाच्या इस्पितळात पडून असल्याने त्याचे अपील नऊ दिवस उशिरा दाखल झाले, आणि ते या एका ओळीवर अडले होते. चार वाजता आदेश होता.

वहिनी जिन्यापाशी बसून होती.

"सापडलं, भावजी?"

"शोधतोय."

"तुम्हाला नाही तर कुणाला सापडणार? घरात माझा चष्मासुद्धा तुम्हीच शोधून देता."

तो हसला नाही. त्या निवाड्याचा आधार चौदा निकालांनी घेतला होता. चौदावा तेराव्याकडे बोट दाखवत होता, तेरावा बाराव्याकडे. पहिला फक्त सूचीकडे. त्याने निवाड्याची तारीख पडताळली. रविवार निघाला.

"असा निवाडाच झालेला नसावा," त्याने भावाच्या वकिलांना सांगितले.

"पुरावा?"

"नसलेल्या गोष्टीचा काय पुरावा देणार?"

"मग चौदा न्यायमूर्ती चुकले आणि माझ्या अशिलाचा भाऊ तेवढा बरोबर, असं सांगू कोर्टाला?" वकील थकल्या आवाजात म्हणाले. "बरं, नोंद तुमच्याच सूचीत आहे ना? सूची चुकते का?"

"नाही," तो सवयीने म्हणाला.

"झालं तर मग."

चार वाजून दहा मिनिटांनी अपील फेटाळले गेले. मूळ निवाडा उपलब्ध नसला तरी सूचीची अचूकता सर्वमान्य आहे, असे न्यायमूर्तींनी नमूद केले. वहिनीने विचारले, "आता कुठे जायचं?"

तो टेबलाशी परतला. खालच्या खणातून त्याने सूचीची मूळ हस्तलिखित वही काढली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलेली. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत शिंपी विरुद्ध नगरपालिका होते, त्याच्याच तरुण, टपोऱ्या अक्षरात. आणि बाजूच्या समासात लाल शाईने, पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी: 'नोंद कशी करावी याचे उदाहरण. मजकूर काल्पनिक.'