कुंकवाचा पंजा

खंडेनवमीला सातपूरच्या त्या कारखान्यात सगळी यंत्रं बंद असतात. त्यांना झेंडूच्या माळा घालतात आणि पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेसवर कुंकवाचा पंजा उमटवतात. हा मान त्या प्रेसनं ज्याचा हात खाल्ला त्याचा. ही पद्धत कारखाना उभारणाऱ्या आबासाहेबांनी पाडली. बोटं गेलेल्याच्या मुलाला त्याच प्रेसवर कायमची नोकरी, हीसुद्धा त्यांचीच. शाळेला, दवाखान्याला त्यांचं नाव आहे. लोक त्यांना देवमाणूस म्हणतात.

सोमा गावितही म्हणायचा. सुरगाण्याहून उपाशी आलेल्या सोमाला त्यांनी भाकर दिली होती. उजव्या हाताची मधली तीन बोटं पुढं प्रेसखाली गेली.

यंदा सोमा निवृत्त झाला होता. दसऱ्यानंतर त्याचा मुलगा हेमराज त्या प्रेसवर लागणार होता, म्हणून मान दोघांचा होता.

सोमानं अंगठा नि करंगळी उरलेला हात कुंकवात बुडवून प्रेसवर दाबला. उचलला, तर पाचही बोटं उमटली होती. अगदी रेषांसकट.

"बघा, आजोबांची कृपा," आबासाहेबांचा नातू म्हणाला. टाळ्या वाजल्या.

सोमा वाकून तो पंजा निरखत होता. तेवढ्यात हेमराजनं हात टेकवून उचललासुद्धा.

"बाबा, कुंकू कमी पडलं का हो?"

सोमानं पोराचा हात धरून पाहिला. पाचही बोटं लालभडक माखली होती. प्रेसवर मात्र अंगठा होता आणि करंगळी. मध्ये नुसतं लोखंड.

आबासाहेबांचा नातू पुन्हा टाळ्या वाजवायला लागला.