पादत्राणे बाहेरच काढावीत

गेम बनवायचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकताना अर्ध्यावर येऊन पुन्हा अडकलं, तशा शाळेत नव्याच आलेल्या चैतालीमॅडम “सर्व्हरवरून पुढे येतच नाहीये!” म्हणत रडकुंडीला आल्या. कॉम्प्युटर लॅबच्या दारातून दानेश्वरी ओरडली, “मॅडम, सर्व्हरवरनं थेट टाकू नका. फाइल आदी त्याच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या की!” मॅडमनी तसं केलं आणि हिरवी पट्टी सरसर टोकाला पोचली. पोरांनी टाळ्या पिटल्या. “अगं, पहिला गेम तूच बनवायचा. आत ये की!” ती हलली नाही. “हितनंच दिसतंय, मॅडम.” दिसणार कसलं? स्क्रीनची तर पाठ होती दाराकडे. मॅडमची नजर तिच्या पायाला लोखंडी पट्ट्यांनी जखडलेल्या कॅलिपरच्या जड बुटावर गेली, मग दारावरच्या पाटीवर: ‘पादत्राणे बाहेरच काढावीत.’ त्या बाहेर आल्या. ढिगातून आपल्या चपला शोधून त्यांनी पायात सरकवल्या आणि तिचा हात धरून, सगळ्या वर्गादेखत फटफट वाजवत आत निघाल्या.