तासाभराची जखम

डॉ. मैथिली राजोपाध्ये हिने दुसऱ्याचं दुखणं ओढून घेणारी तारांची टोपी डोक्यावर चढवली आणि हवालदार सर्जेराव घोरपडे यांच्या मेंदूची जखम तासाभरासाठी स्वतःकडे घेतली. जखमी जवानांवर उपचार करायला शिकायचं, तर आधी त्यांचं दुखणं अंगावर घ्यायचं, असा या फेलोशिपचा शिरस्ता होता. तेवढा तास जवान मोकळा होई.

मैथिलीचा उजवा हात लुळा पडला. समोरच्या चमच्याला काय म्हणतात, ते तिला आठवेना. सिस्टरने नाव विचारलं, तर तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला.

शेजारच्या खुर्चीत सर्जेराव बायकोशी बोलत होते, सुरुंग फुटल्यापासून पहिल्यांदाच.

"इंदू, लई वाळलीस गं," ते म्हणाले. मग जरा थांबले. "एक सांगायचं राहिलंय. तू रोज मला घास भरवतीस ना, तवा मला..."

मैथिलीला सगळं ऐकू येत होतं, कळतही होतं. पण ते मुकेपण तिला सोसवेना; तास भरायच्या आतच तिने डाव्या हाताने टोपीवरचं सुटकेचं बटण दाबलं.

जखम माघारी गेली. सर्जेरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"तवा काय, अवो?" इंदूबाईंनी विचारलं. "काय वाटतं तुमास्नी?"

मैथिलीने घाईघाईने टोपी पुन्हा उचलली.

"एका पेशंटबरोबर एकदाच करता येतं, मॅडम," सिस्टर म्हणाली.

मैथिलीची जीभ आता मोकळी होती, पण मान वर होईना. सर्जेरावांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. इंदूबाई अजून त्यांच्या ओठांकडे बघत होत्या.